ऐकीव साक्ष

खोटे बोलू नये, हे प्रत्येक घरात शिकवले जाते. दुसऱ्याने रचलेले खोटे आपण पुढे सांगितले, तर ते पाप कोणाच्या पदरी, याची मात्र चर्चा होत नाही. मोबाइलवर आलेली बातमी दहा जणांना पाठवायची आणि ती खोटी निघाली की म्हणायचे, ‘मी कुठे लिहिली? आली तशी पाठवली.’ हा बचाव मला पटत नाही.

आपल्या सीमाभागात हा प्रश्न पुस्तकी नाही. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळ हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या वाहनांवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांची दिल्लीत बैठक घेतली. बड्या नेत्यांच्या नावाने उघडलेल्या बनावट ट्विटर खात्यांनीही हा वाद वाढवला, असे त्यांनी बैठकीनंतर सांगितले.

‘ध’चा ‘मा’ करणारा एखादाच असतो. तो कागद हातोहात पोचवणारे शेकडो असतात. करणाऱ्याला त्या भांडणाशी देणेघेणे असतेच असेही नाही. २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीच्या वेळी मॅसेडोनियातल्या वेलेस या गावातून तरुणांनी शंभराहून अधिक संकेतस्थळे चालवली. बातम्या अमेरिकेच्या, त्यांतल्या कितीतरी खोट्या; कमाई जाहिरातींची. त्या बातम्या पसरवणाऱ्या सामान्य लोकांना मात्र छदामही मिळाला नाही. ‘मी म्हणत नव्हतो?’ एवढेच समाधान त्यांच्या वाट्याला आले.

इंग्रज विचारवंत विल्यम क्लिफर्ड यांनी १८७७ च्या आपल्या निबंधात एका जहाजमालकाचे उदाहरण दिले आहे. जहाज जुने झाले आहे, हे त्याला ठाऊक असते. पण तपासणीचा खर्च नको म्हणून तो स्वतःची समजूत घालतो आणि प्रवाशांना समुद्रावर धाडतो. जहाज बुडते. क्लिफर्ड म्हणतात, ते सुखरूप पोचले असते तरी मालक तितकाच दोषी. कारण विश्वास ठेवण्याचा अधिकारच त्याने कमावला नव्हता. न तपासता पाठवलेली बातमी योगायोगाने खरी निघाली, तरी आपलेही तसेच आहे.

कोणी विचारील, पोटापाण्याचे उद्योग सोडून माणसाने किती तपासावे? आक्षेप रास्त आहे. सारे काही तपासण्याचे बंधन कोणावरच नाही. पण जे तपासले नाही ते पाठवू नये, एवढे बंधन प्रत्येकावर आहे, आणि गप्प राहायला वेळही लागत नाही, पैसाही लागत नाही.

तपासायचेच झाले तर आपल्याला आवडलेली बातमी आधी तपासावी. विरुद्ध बाजूच्या बातमीवर आपण मुळातच शंका घेतो. खरा धोका मनासारख्या बातमीत असतो. इथे आपल्या दुभाषी घरांना एक सोय आहे. एकच छायाचित्र मराठीत ‘त्यांनी’ केलेला अन्याय म्हणून फिरू शकते आणि कन्नडात ‘यांनी’ केलेला म्हणून. दोन्ही भाषा वाचता येणाऱ्याला ही लबाडी चटकन दिसते. तो गप्प राहिला, तर दुसरे कोण बोलणार?

‘तुम्ही स्वतः पाहिले काय?’ हा न्यायालयाचा साक्षीदाराला प्रश्न असतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात हा दंडक होता. २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो आहे. शेजाऱ्यावर आरोप करणारा मजकूर पुढे पाठवताना आपण त्याच्याविरुद्ध साक्षच देत असतो. तेव्हा हा प्रश्न आपणच आपल्याला विचारावा.