अनंताचा हिशेब

"शेवटीं सर्व सारखेंच !" हें वाक्य आपल्याकडे तत्त्वज्ञान म्हणून खपतें. दुसऱ्याच्या दुःखाविषयीं उदासीन राहण्यास याहून सोयीची सबब नाहीं. हिची परीक्षा गणितानें करून पाहूं.

अंशस्थानीं ३क्ष + १००० व छेदस्थानीं २क्ष असा अपूर्णांक घ्या. दोहोंस क्ष नें भागिलें असतां अंशांत ३ + १०००/क्ष व छेदांत नुसते २ राहतात. क्ष अमर्याद वाढूं लागला म्हणजे १०००/क्ष हें पद शून्याकडे झुकतें आणि अपूर्णांकाची सीमा ३/२ ठरते. त्या हजाराचें नांवनिशाणही सीमेंत उरत नाहीं. उदासीन गृहस्थास येथें आपला पक्ष सिद्ध झाला असें वाटेल. परंतु क्ष १० असतां हाच अपूर्णांक ५१.५ असतो, १००० असतां २, व लक्ष असतां १.५०५. सीमा जवळ येते, हातीं मात्र कधींच लागत नाहीं.

भास्कराचार्यांनीं शके १०७२ (इ. स. ११५०) च्या सुमारास बीजगणितांत शून्यानें भागिलेल्या राशीस 'खहर' म्हटलें. तींत कांहीं मिळविलें वा वजा केलें तरी ती बदलत नाहीं. प्रलयकालीं भूतें आंत शिरलीं वा सृष्टिकालीं बाहेर पडलीं तरी अच्युत जसा अविकारी राहतो तशी ती, असा त्यांचा दृष्टांत आहे. दृष्टांत भव्य खरा. पण ती अविकारिता अच्युताची, भूतांची नव्हे!

सेनगांवाकडील एखाद्या शेतकऱ्याचा विचार करा. मृगांत पेरलें, पावसानें दडी मारली, दुबार पेरणी कपाळीं आली. शंभर वर्षांच्या सरासरींत हा खर्च विरून जाईल. पण सावकाराचें व्याज सरासरीनें फिटत नाहीं. त्याचा क्ष आज १ आहे, आणि क्ष १ असतां वरील अपूर्णांक ५०१.५ होतो.

मग सीमा निरुपयोगी काय ? मुळींच नाहीं. एकदांच दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षां रोज वाढणारी लहानशी संवयच अखेर वरचढ ठरते, हें तीच शिकविते. प्रश्न एवढाच कीं, ती कोणाच्या हिशेबास लावावयाची. स्वतःच्या मानापमानाचा हिशेब खुशाल अनंतावर सोडावा. शेजाऱ्याच्या दुःखाचा मात्र आजच्या क्ष वरच केला पाहिजे.