भाडे, व्याज आणि आपलेपण

‘घर पाहावे बांधून’ या म्हणीचा रोख खटाटोपाकडे, खर्चाकडे आणि मनस्तापाकडे आहे. आपण मात्र तिला कर्तबगारीची कसोटी करून टाकले. चाळिशी उलटलेला मनुष्य भाड्याच्या घरात राहतो, ही गोष्ट बेळगाव-निपाणीकडे आजही दबल्या आवाजात सांगितली जाते. घर घेणे हा प्रश्न ऐपतीचा की अब्रूचा, याचा उलगडा म्हणूनच आधी करावयास हवा.

प्रथम हिशेब पाहू. समजा, टिळकवाडीत एक घर ५० लाखांना विकाऊ आहे आणि तसेच घर महिना १२ हजारांनी भाड्याने मिळते आहे. पदरचे १० लाख घालून उरलेल्या ४० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढले, तर हप्ता सुमारे ३४,७०० रुपये पडतो. पहिल्या हप्त्यातील सुमारे २८,३०० रुपये निव्वळ व्याजाचे असतात. भाडे ‘वाया जाते’ म्हणणाऱ्याने हे व्याज कोठे जाते तेही सांगावे. तेही भाडेच आहे; घराचे नव्हे, पैशाचे. शिवाय घरपट्टी, डागडुजी आणि अडकलेल्या १० लाखांवरचे बुडालेले व्याज आहेच.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. भाडे वाढत जाते, हप्ता त्या मानाने स्थिर राहतो; घराची किंमतही वाढू शकते. घर घेणारा हप्त्याच्या धाकाने का होईना, बचत करतो. भाडेकरूला केवळ स्वतःचाच धाक असतो. वाचलेली रक्कम त्याने खर्चून टाकली, तर सारा हिशेब उलटतो. आणि उतारवयात ‘घर खाली करा’ हे शब्द ऐकावे न लागणे, यालाही काही मोल आहेच.

परंतु घर घेतले म्हणजे गाव आपले झाले, ही समजूत सीमाभागाने तरी तपासून पाहावी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी येथील कितीतरी कुटुंबे स्वतःच्या घरात राहूनच मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. उंबरठा तोच राहिला, मालक तोच राहिला. पुढे उताऱ्याची भाषा मात्र बदलली. स्वतःच्या घराचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेणारे वृद्ध आपल्याला अपरिचित नाहीत. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अद्याप निकालाच्या प्रतीक्षेत आहे. खरेदीखताने भिंती आपल्या होतात. गाव आपले असल्याची हमी त्यात कोठेच लिहिलेली नसते. उलट, निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत आयुष्यभर राबलेल्या कितीतरी स्त्रियांच्या नावावर घर नव्हते. म्हणून निपाणी त्यांची नव्हती, असे कोण म्हणेल?

तेव्हा आपलेपणाचे ओझे कर्जावर लादू नये. पुढील दहा-पंधरा वर्षे आपण येथेच राहणार आहोत काय, आणि हप्ता देऊन मुलांचे शिक्षण व आजारपण निभावेल काय, एवढेच विचारावे. उत्तर ‘होय’ असेल तर घर जरूर घ्यावे. नसेल तर निःसंकोचपणे भाडे भरावे. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नावे ठेवू नयेत म्हणून वडिलांनी घर घ्यायचे आणि पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने दिवाळीपुरते येऊन ते झाडून ठेवायचे, अशी कुलुपे आपल्या गल्ल्यांतून थोडी नाहीत. त्या घरात राहिले कोण, हा प्रश्न खरेदीपूर्वी विचारलेला बरा.