पाण्यावरचा खेळ आणि रिकामा हंडा

वैशाखांत नाशिकच्या गंगापूर धरणावर नौकाविहारास जाणारा मनुष्य सहृदय असेल, तर एक शंका त्यास छळील. ज्या जिल्ह्यांत पेठ-सुरगाण्याकडील बायका हंडाभर पाण्यासाठीं डोंगर उतरतात, तेथें पाण्यावर खेळणें शोभतें काय? शंका प्रामाणिक आहे. पण ती भलत्याच दारावर थाप मारते, असें आम्हांस वाटतें. वल्ह्याची होडी पाणी पीत नाहीं, मळवीतहि नाहीं. (इंजिनाच्या नौकांची गोष्ट निराळी, हें शहराच्या पिण्याचें पाणी आहे.) तिचा विहार बंद केल्यानें कोणाचाहि हंडा भरणार नाहीं.

खरा प्रश्न खेळण्याचा नव्हे, खेळूं कोणास द्यावें हा आहे. इंग्रजी अमदानींत मुंबईच्या रॉयल यॉट क्लबाचें दार हिंदी माणसांस बंद होतें; आज तेंच काम वर्गणी निमूटपणें करते. चांदवड तालुक्यांतील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खोदण्याच्या कामावर राबला होता. २०१२ सालीं तो सैन्यांत गेला, आणि वल्हें हातीं आलें तें तेथें. २०१६ सालीं रिओ ऑलिंपिकमध्यें एकट्यानें वल्हवण्याच्या शर्यतींत तो १३ वा आला.

तहानेचा जाब सरकारास विचारावा. क्लबाकडे इतकेंच मागावें कीं, सुटीच्या दोन महिन्यांत विहीर खोदणाऱ्याच्या मुलासहि होडींत बसवावें, आणि त्याच्याकडून वर्गणी घेऊं नये.