शेकरांची खुर्ची आणि संग्रहालयाची भक्ती

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात, अमेरिकन विभागात, एक अख्खी खोली आणून उभी केली आहे. मूळची ती न्यूयॉर्क राज्याच्या पूर्व टोकाला असलेल्या न्यू लेबनन इथल्या, शेकर नावाच्या धर्मपंथाच्या वसाहतीतली. भिंती पांढऱ्या, त्यांवर ओळीने ठोकलेल्या लाकडी खुंट्यांची पट्टी, आणि मोजकेच सामान. एकोणिसाव्या शतकात या खोलीत माणसे झोपत, उठत, गुडघे टेकून प्रार्थना करत आणि कामाला जात. आज तिथे कुणी राहत नाही, तिथल्या खुर्चीवर कुणी बसत नाही. लोक येतात, आवाज खाली आणतात आणि बघून पुढे जातात. देवळात शिरताना माणूस जसा आपोआप सावरून चालतो, तसे काहीसे या खोलीसमोर घडते. हा आदर खरा आहे यात शंका नाही, पण तो नेमका कुणाला पोचतो, हे विचारायला हवे. एखादी वस्तू उपासनेतून घडली असेल, तर उपासना थांबल्यावर त्या वस्तूत काय उरते? माझ्या मते शेकरांच्या बाबतीत याचे उत्तर स्पष्ट आहे. वस्तूत काही उरत नाही, कारण पावित्र्य वस्तूत कधी नव्हतेच. ते वागण्यात होते. संग्रहालयातली भक्ती मात्र, हेतू कितीही चांगला असला तरी, नेमकी याच्या उलट शिकवण देते.

शेकर पंथाची प्रवर्तक अ‍ॅन ली हिचा जन्म 1736 चा, इंग्लंडमधल्या मँचेस्टरचा. लोहाराची मुलगी, तिची चारही मुले बाळपणीच दगावली. 1774 मध्ये मूठभर अनुयायी घेऊन ती अमेरिकेत आली आणि 1784 मध्ये वारली. प्रार्थनेच्या भरात ही माणसे थरथरत, नाचत, म्हणून लोकांनी त्यांना शेकर म्हटले. तिच्या मागे न्यू लेबनन इथे सामुदायिक जीवनाची घडी बसली: ब्रह्मचर्य, पापांची उघड कबुली, सामायिक मालमत्ता, आणि स्त्रीपुरुष दोघांनाही नेतृत्वात स्थान. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मेनपासून केंटकीपर्यंत पसरलेल्या वसाहतींत मिळून काही हजार शेकर राहत होते. हातांनी काम करावे आणि मन देवाला द्यावे, अशी त्यांची धारणा. हजार वर्षे जगायचे आहे असे समजून काम कर आणि उद्याच मरायचे आहे असेही समजून कर, हा उपदेश अ‍ॅन लीच्या नावावर सांगितला जातो. त्यातला पहिला अर्धा त्यांच्या लाकडी सामानात लगेच दिसतो. दुसरा अर्धा लाकडात दिसू शकत नाही.

त्यांची खुर्ची जवळून पाहिली की हे जास्त नीट कळते. पाठीला शिडीसारख्या तीन-चार आडव्या पट्ट्या, किंचित वाक दिलेल्या. बैठक बहुधा रंगीत नवारीची, दोन रंगांची उभीआडवी वीण. वजन इतके कमी की एका हाताने उचलून भिंतीवरच्या खुंटीला अडकवता यावी. अडकवायची तीही उलटी, म्हणजे बैठकीच्या वरच्या बाजूवर धूळ बसत नाही आणि खालची जमीन एका दमात झाडता येते. काही खुर्च्यांच्या मागच्या पायांच्या तळाशी खोबणीत एक लहानसा लाकडी गोळा बसवलेला असतो, चामड्याच्या वादीने आत बांधलेला. माणूस मागे रेलला तरी गोळा फिरतो, पाय जमिनीवर सपाट टेकलेला राहतो आणि फरशीच्या फळीला खळगा पडत नाही. याच युक्तीच्या धातूच्या प्रकाराचे पेटंट 1852 मध्ये जॉर्ज ओडॉनेल या शेकराने घेतले. या खुर्चीतला प्रत्येक तपशील वस्तूबाहेरच्या कशाची तरी काळजी घेतो. कुणाला तरी जमीन झाडायची आहे, कुणाला तरी ती घासायची आहे, शंभर जणांच्या घरात कुणाच्या तरी पाठीला आधार हवा आहे. खुर्ची अशा घरासाठी घडली की जिथे ती कुणा एकाची नसे. 1845 च्या त्यांच्या नियमसंहितेत पलंगाला हिरवा रंग असावा इथपर्यंत बारकावे आहेत; निव्वळ शोभेच्या कडा आणि कंगोरे करायला मनाई आहे; आणि आपण घडवलेल्या वस्तूवर पुढच्यांना कर्ता कळावा म्हणून नाव घालण्यालाही मनाई आहे. हे नियम वाचताना लक्षात येते की त्यांचा रोख लाकडावर नाही, सुताराच्या मनावर आहे. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते तसा कोणताही विधी या खुर्चीवर कधी झाला नाही. ती वापरली जावी, झिजावी, दुरुस्त व्हावी आणि गरज पडल्यास मोडीत निघावी, हेच तिच्या कर्त्यांना मान्य होते.

याचा सर्वांत बळकट पुरावा लाकडी सामानाबाहेर आहे. शेकरांनी बागेतल्या भाज्यांचे बी कागदी पुड्यांत भरून विकले. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांपर्यंत अशी पुडी पोचवणाऱ्या पहिल्या लोकांत ते होते. आज घरोघरी दिसणारा चपटा झाडू त्यांच्या वॉटर्व्हलिएट वसाहतीतून आला असे मानले जाते. औषधी वनस्पती वाळवून, कुटून त्यांनी विकल्या. बी भरणाऱ्या भगिनीच्या कामामागे जी श्रद्धा होती तीच खुर्चीच्या पट्ट्या वाकवणाऱ्या बंधूच्या कामामागे होती. पंथाने त्या दोन कामांत उच्चनीच मानले नाही. बी मातीत गेले, झाडू झिजला, औषध पोटात गेले. खुर्ची उरली, ती केवळ मेपलचे लाकूड टिकाऊ म्हणून. पावित्र्य वस्तूत साठते असे मानले, तर बियांतले पावित्र्य पहिल्याच पावसाळ्यात संपले आणि खुर्चीतले दोनशे वर्षे टिकले असे म्हणावे लागेल. ही कल्पना कुठल्याही शेकराला पटली नसती.

यावर पहिला आक्षेप असा की वस्तूच्या घाटात घडवणाऱ्याचे मन उतरतेच. शेकरांविषयी काहीच ठाऊक नसलेला माणूससुद्धा त्या खुर्चीपुढे थबकतो, तो का? ट्रॅपिस्ट संन्यासी थॉमस मर्टन यांनी ‘रिलिजन इन वुड’ या 1966 च्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. देवदूत येऊन बसू शकेल असे मानणाऱ्या माणसाच्या हातून घडली म्हणून त्या खुर्चीला तिचे सौंदर्य लाभले, असे त्यांचे म्हणणे. विचार सुंदर आहे आणि मर्टन स्वतः मठवासी असल्याने तो हलक्यात घेण्यासारखा नाही. शिस्तीची खूण घाटात राहते, हे मलाही मान्य आहे. पण डेन्मार्कच्या बोर्गे मोगेनसेन यांनी 1947 मध्ये तिथल्या सहकारी संस्थेसाठी शेकर खुर्चीवरून प्रेरणा घेऊन एक साधी, स्वस्त खुर्ची रचली. ती कारखान्यात बनली, हजारो डॅनिश स्वयंपाकघरांत गेली आणि तिचाही घाट तितकाच संयत आहे. तिच्यामागे ना ब्रह्मचर्य होते, ना पापाची कबुली, ना देवदूताची वाट पाहणे. घाट श्रद्धेतून जन्मला तरी श्रद्धेवाचून जगू शकतो. म्हणून खुर्चीसमोर आपण थबकतो तेव्हा आपल्याला भेटते ते सौंदर्य, आणि सौंदर्य ही मोठीच गोष्ट आहे; फक्त त्याला धर्मानुभव समजण्याची घाई करू नये.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. शेकरांनीच तर खुर्च्या बाजारात विकल्या, मग संग्रहालयाला दोष का? खरे आहे. माउंट लेबननला (न्यू लेबननच्या वसाहतीचे पुढचे नाव) रॉबर्ट वॅगन यांच्या देखरेखीखाली खुर्च्यांचा मोठा कारखाना चालला. मापांना आकडे दिलेले, शून्य म्हणजे लहान मुलाची आणि सात म्हणजे सर्वांत मोठी. छापील सूचिपत्र होते, खुर्चीला व्यापारचिन्ह चिकटवले जाई, आणि 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनातही त्यांच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पण या वस्तुस्थितीने माझा मुद्दा अधिकच पक्का होतो. बोस्टनच्या एखाद्या कुटुंबाने शेकर खुर्ची विकत घेतली तेव्हा तिच्यावर आजी बसली, मुले चढली, नवार फाटली आणि बदलली गेली. विक्रीने खुर्चीचे खुर्चीपण गेले नाही. चौथऱ्यावर ठेवून तिच्यावर बसायला मनाई केली, तेव्हा ते गेले.

अर्थात शेकर सुतारांची मने नियमाप्रमाणे पुरती निर्लेप झाली होती, असे कुणी समजू नये. ग्रोव्ह राइट आणि थॉमस डेमन या दोघांनी केलेल्या खणांच्या एका कपाटावर नोंद सापडते: एल्डर (म्हणजे पंथातले वडीलधारे प्रमुख) ग्रोव्ह आणि बंधू थॉमस यांनी ते केले, आणि गुरुवार 13 जानेवारी 1853 रोजी जागेवर बसवले. त्या दिवशी त्यांचे परतीचे प्रयाण व्हायचे होते, पण बर्फाच्या वादळामुळे अडकून पडावे लागले, असेही त्यात लिहून ठेवले आहे. नाव न घालण्याचा नियम झाल्याला तेव्हा आठच वर्षे झाली होती, आणि लिहिणारे कुणी उनाड शिकाऊ नव्हते, पंथातली जाणती माणसे होती. या नोंदीने मला शेकर अधिक जवळचे वाटतात. आपली आठवण राहावी ही ओढ त्यांनाही होती आणि ती आवरण्यासाठीच तो नियम करावा लागला. निर्ममता त्यांना जन्मतः लाभली नव्हती, ती रोज कमवावी लागत होती. कपाटाकडे केवळ प्रमाणबद्धतेचा नमुना म्हणून पाहणाऱ्याला हा झगडा दिसणार नाही.

संग्रहालयांचे ऋण मी नाकारत नाही. वसाहती एकामागून एक बंद पडत होत्या. माउंट लेबनन 1947 मध्ये बंद झाले, हँकॉक 1960 मध्ये. एडवर्ड आणि फेथ अँड्र्यूज या दाम्पत्याने 1920 च्या दशकापासून शेकर वस्तू आणि कागदपत्रे जमवली नसती, तर बरेच काही सरपणात आणि भंगारात गेले असते. 1935 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात शेकर हस्तकलेचे प्रदर्शन भरले आणि अमेरिकेला आपल्याच घरातल्या या लाकडी सामानाकडे नव्याने पाहता आले. पण जे पाहिले त्यात एक निवड होती. आधुनिक अभिरुचीला साधे, उघडे लाकूड आवडले, म्हणून अनेक वस्तूंवरचा मूळ पिवळा, लाल, निळा रंग संग्राहकांनी खरवडून काढला. शेकर प्रत्यक्षात जितके रंगीत होते तितके चालेना. पुढे लिलावांत एकेका वस्तूला लाख डॉलरच्या वर किंमत आली. मालमत्ता सोडलेल्या माणसांचे कपाट श्रीमंतीचे चिन्ह झाले. इथे माझी खरी तक्रार आहे. शेकरांचा साधेपणा म्हणजे त्याग होता: पंथात आलेले नवराबायको दोन वेगळ्या दारांनी आत शिरत, वेगळ्या जिन्यांनी वर जात, आणि एकमेकांना भाऊबहीण मानत, आईबापांचे मूल सगळ्या वसाहतीचे होई, मनातले प्रत्येक पाप एल्डरपुढे सांगावे लागे. हे सारे अनेकांना जाचक झाले आणि कित्येक जण सोडून गेले. त्या त्यागाची किंमत न सांगता फक्त साधेपणा दाखवला की तो सजावटीचा एक प्रकार ठरतो. तो आवडायला काहीच सोडावे लागत नाही.

म्हणून संग्रहालयांनी वस्तू ठेवाव्यात, पण त्यांच्याभोवतीचे काम आणि नियमही ठेवावेत. मॅसॅच्युसेट्समधल्या हँकॉक वसाहतीत, आता ती संग्रहालय असली तरी, 1826 चा गोल दगडी गोठा उभा आहे, जनावरे आहेत, शेत आहे. खुर्ची कुठल्या दिवसभराच्या कष्टातून उठलेल्या माणसासाठी होती ते तिथे कळायला मदत होते. शहरातल्या दालनातही हे जमण्यासारखे आहे. खुर्चीशेजारी बियांची पुडी आणि झाडू ठेवा. सही न करण्याचा नियम आणि राइट-डेमन यांची नोंद एकाच फलकावर लिहा. एक तरी नवी घडवलेली खुर्ची लोकांना बसायला द्या.

मेनमधल्या सबाथडे लेक वसाहतीच्या भगिनी मिल्ड्रेड बार्कर 1990 मध्ये वारल्या. लोक आपल्याला बहुधा खुर्ची किंवा टेबल म्हणूनच लक्षात ठेवतील, अशी खंत त्यांनी बोलून दाखवली होती. शेकर गीतांचा फार मोठा ठेवा त्यांनी कंठात जपला होता. सबाथडे लेक ही आज उरलेली एकमेव जिती शेकर वसाहत. तिथले शेकर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, पण 1794 मध्ये बांधलेले त्यांचे सभागृह अजून प्रार्थनेसाठी वापरले जाते आणि तिथल्या बाकांवर माणसे बसतात. शेकर धर्म पाहायचा असेल तर तिथे जावे. मेट्रोपॉलिटनच्या खोलीत पाहायला मिळते ते उत्तम सुतारकाम.