युद्धाला होकार देणाऱ्याचे देणे

मार्च २००३ मध्ये इराकवर स्वारी झाली. तिच्या आधी जगभरच्या कॅथॉलिकांमध्ये जो वाद झडला, तो आज पुष्कळांच्या विस्मरणात गेला आहे. युद्ध संपले की वादही मिटला, असे मानण्याची रीतच पडली आहे. आम्हाला मात्र वाटते की, त्या वादातला अवघड प्रश्न बगदाद पडल्यानंतरच सुरू झाला.

दोन्ही पक्ष ख्रिस्तसभेच्याच अंगणात उभे होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १३ जानेवारी २००३ रोजी व्हॅटिकनमध्ये राजदूतांपुढे युद्धाला स्पष्ट नकार दिला. फेब्रुवारीत त्यांनी कार्डिनल एचेगाराय यांना बगदादला धाडले, मार्चमध्ये कार्डिनल लाघी यांना वॉशिंग्टनला. युद्ध टळले नाही. उलटपक्षी मायकेल नोव्हाक आणि जॉर्ज वायगल हे अमेरिकेतील नामवंत कॅथॉलिक विचारवंत युद्धाचे समर्थन करीत होते. त्यांना रक्तपिपासू म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९८८ साली हलब्जा येथे सद्दाम हुसेनच्या विषारी वायूने सुमारे ५,००० कुर्द मारले गेले होते. जुलमी राजवट उलथण्यासाठी बळ वापरावे लागते, हे पूर्व तिमोरचे नोबेल मानकरी जुझे रामोस-होर्ता यांनीही तेव्हा लिहिले. त्यांच्या देशाचा रक्तपात १९९९ मध्ये परकीय फौज आल्यावरच थांबला होता. जुलूम सोसलेल्या माणसाचे हे म्हणणे शांततावाद्यांनी हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते.

युद्धाचे समर्थक बोट ठेवीत ते धर्मशिक्षणग्रंथातील एका वाक्यावर. १९९२ च्या या ग्रंथात न्याय्य संरक्षणाच्या अटी दिल्या आहेत: आक्रमणाने होणारी हानी गंभीर व निश्चित असावी, इतर सारे उपाय थकलेले असावेत, यशाची सबळ आशा असावी आणि जो अनर्थ टाळायचा त्याहून मोठा अनर्थ शस्त्रांनी ओढवू नये. या अटी पुऱ्या होतात की नाही, हे ठरविण्याचे काम लोकहिताची जबाबदारी वाहणाऱ्यांच्या विवेकावर सोपविले आहे. तेव्हा निर्णय राज्यकर्त्यांनी घ्यावा, असे हे विद्वान म्हणत. ग्रंथात तसे आहे खरे. परंतु ज्याला ठरविण्याचा अधिकार, त्यालाच जाब देण्याचे ओझे, हे तेवढ्या मोठ्या आवाजात कोणी म्हटले नाही. शिवाय शेवटची अट पाळली गेली की नाही, हे ९ एप्रिलला बगदादमध्ये सद्दामचा पुतळा पडला तेव्हा कळणे शक्यच नव्हते.

ते पुढे कळले. मे महिन्यात अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी एका हुकुमाने इराकी सैन्य बरखास्त केले आणि लाखो शिपाई रस्त्यावर आले. ज्या महासंहारक शस्त्रांसाठी एवढा खटाटोप, त्यांचे साठे सापडलेच नाहीत. २००८ मध्ये मोसुलचे खाल्डियन आर्चबिशप पावलोस फराज राहो यांचे अपहरण झाले. दोन आठवड्यांनी त्यांचा मृतदेह मिळाला. ३१ ऑक्टोबर २०१० रोजी बगदादच्या तारणमातेच्या चर्चमध्ये मिस्सा चालू असता बंदूकधारी शिरले. पन्नासहून अधिक माणसे मेली, त्यांत दोन धर्मगुरू होते. मुसलमान इराकी तर याहून कितीतरी अधिक मेले. त्यांची नावे आपल्या प्रार्थनांत क्वचितच येतात.

युद्धाला विरोध करणाऱ्यांनाही आम्ही मोकळे सोडणार नाही. बगदादची प्रत्येक वाईट बातमी त्यांतल्या काहींनी आपल्या शहाणपणाचा दाखला म्हणून मिरविली. आपल्या संसदेने एप्रिल २००३ मध्ये युद्धाविरुद्ध ठराव केला. त्यात हिंदीत ‘निंदा’ आणि इंग्रजीत त्याहून सौम्य शब्द, अशी कसरत होती. जुलैत भारताने तेथे सैन्य पाठविण्यास नकार दिला. नकार योग्यच होता, पण त्याने एकाही इराकी विधवेचे घर उभे राहिले नाही.

मग चूक ठरलेल्या होकाराचे देणे कसे फेडायचे? २०१६ मध्ये चिलकॉट अहवाल आल्यावर टोनी ब्लेअर यांनी खेद व्यक्त केला, पण निर्णय बरोबरच होता, हेही सांगितले. पापनिवेदनाची सवय असलेल्या आपल्या कानांना हे विचित्र वाटते. प्रामाणिक चुकीला पाप म्हणू नये, हे आम्हाला मान्य आहे. तथापि शेजाऱ्याची भिंत सद्हेतूने पाडली, तरी ती बांधून द्यावीच लागते.

येथे सोडरटेल्येची गोष्ट सांगण्याजोगी आहे. २००६ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेने अवघे २०२ इराकी निर्वासित स्वीकारले. युद्धात नसलेल्या स्वीडनमध्ये त्या वर्षी सुमारे ९,००० इराकींनी आश्रय मागितला. स्टॉकहोमजवळच्या या लहानशा शहरात त्यांतले पुष्कळ ख्रिस्ती येऊन राहिले. शाळा अपुऱ्या पडल्या, एकेका घरात अनेक कुटुंबे राहू लागली. २००८ मध्ये तेथील नगराध्यक्ष वॉशिंग्टनला गेले आणि अमेरिकी लोकप्रतिनिधींच्या आयोगापुढे त्यांनी सांगितले की, अमेरिका व कॅनडा मिळून जेवढे इराकी निर्वासित घेतात, त्याहून अधिक आमचे एकटे शहर घेत आहे.