चौकटीतला ठिपका आणि कलम ८८

रायगड जिल्ह्यातल्या तळा गावच्या एका पतसंस्थेला आपले जुने सॉफ्टवेअर बदलायचे होते. मी उमेदीची बरीच वर्षे संगणकाच्या खरेदी-विक्रीत घालवलेली, म्हणून ओळखीच्या संचालकांनी मला बैठकीला बोलावले. विक्रेत्याच्या प्रतिनिधीने भिंतीवर एक चित्र दाखवले. मोठा चौकोन, त्याचे चार भाग, आत विखुरलेले ठिपके. उजव्या हाताच्या वरच्या भागातल्या एका ठिपक्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "साहेब, जगात एक नंबर." मंडळी प्रभावित झाली. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यभर प्रगतिपुस्तके भरलेला माणूस. त्यांनी विचारले, "हे नंबर देतो कोण? आणि त्याचे पैसे कोण देतो?"

सॉफ्टवेअरच्या बाजारात हा प्रश्न फार थोडे खरेदीदार विचारतात. त्याचे उत्तर त्या बैठकीत घाईने दिले गेले. इथे ते सविस्तर देतो.

तो चौकोन गार्टनर या अमेरिकी कंपनीचा. गिडियन गार्टनर यांनी ती १९७९ मध्ये स्थापन केली. मुख्यालय कनेटिकट राज्यातल्या स्टॅमफर्डला. आकृतीचे नाव 'मॅजिक क्वाड्रंट'. आडव्या अक्षावर कंपनीची दृष्टी किती परिपूर्ण आहे हे मोजतात, उभ्या अक्षावर ती अमलात आणण्याची क्षमता. त्यावरून चार घरे पडतात: लीडर्स, चॅलेंजर्स, व्हिजनरीज आणि नीश प्लेअर्स. फॉरेस्टर ही दुसरी कंपनी 'वेव्ह' नावाची अशीच क्रमवारी काढते. हे विश्लेषक अडाणी किंवा अप्रामाणिक आहेत असे मला म्हणायचे नाही. वर्षभर ते शेकडो ग्राहकांशी बोलतात, कंपन्यांकडून प्रात्यक्षिके घेतात, प्रत्येक उत्पादनाचे गुण आणि त्याबाबतचे इशारे लिहून देतात. पन्नास देशांत कारभार असलेल्या उद्योगाला शंभर नावांतून सात नावे निवडायची असतील तर या अहवालाचा खरा उपयोग होतो. मी स्वतः तो अनेकदा केला आहे.

अडचण सुरू होते ती चित्र मजकुरापासून वेगळे काढल्यावर. मुंबई-पुण्याच्या मोठ्या कार्यालयांतही मी हेच पाहिले: अहवालातले इशारे कुणी वाचत नाही, ठिपका मात्र सर्वांना पाठ असतो. गार्टनर स्वतः आपल्या अहवालात छापते की आम्ही कोणत्याही विक्रेत्याची शिफारस करत नाही आणि केवळ वरच्या मानांकनाच्याच कंपन्या निवडा असा सल्लाही देत नाही. ज्याने गुण दिले तोच सांगतो की एवढ्यावर निर्णय घेऊ नका. खरेदीदार मात्र तेवढ्यावर सही करतो.

आता अध्यक्षांचा दुसरा प्रश्न, पैशाचा. विश्लेषक कंपन्यांचे उत्पन्न मुख्यतः वर्गणीतून येते, आणि वर्गणीदार दोन्ही बाजूंचे असतात: सॉफ्टवेअर घेणारे आणि विकणारेही. शिवाय ज्या विक्रेत्याला चांगली जागा मिळते तो अहवाल वाटण्याचे हक्क विकत घेतो. विक्रेत्याकडून आपल्याला 'फुकट' मिळालेल्या प्रतीचे पैसे बहुधा त्यानेच भरलेले असतात. ज्याची जागा खाली लागली तो ती प्रत कशाला वाटेल? त्यामुळे खरेदीदाराच्या टेबलावर येतात ते जिंकलेल्यांनी निवडून पाठवलेले अहवाल.

तळा तालुक्यातच राजपुरी खाडीजवळ कुड्याची बौद्ध लेणी आहेत. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत खोदलेले आहे की कोणते दान कोणाचे. महाभोज खंदपालिताचा लेखक शिवभूती आहे, वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, माळी आहे. आजही कोणीही तिथे उभे राहून वाचून घेऊ शकतो की या खोलीचा खर्च कोणी केला. मला या लेखांचे नेहमी अप्रूप वाटते, कारण पैसा कोणाचा हे सांगायला ते लाजत नाहीत आणि लपवतही नाहीत. आपल्याला मिळालेल्या अहवालाच्या पहिल्या पानावर अशी एक ओळ असती तर माझा निम्मा आक्षेप मिटला असता.

पैसे घेऊन जागा दिली जाते, असा आरोप न्यायालयातही झाला. नेटस्काउट या कंपनीने २०१४ मध्ये कनेटिकटमध्ये गार्टनरवर दावा लावला. आपण गार्टनरच्या सेवा पुरेशा विकत घेत नाही म्हणून आपल्याला खालची जागा मिळाली, असे तिचे म्हणणे. गार्टनरने ते नाकारले. त्याआधी २००९ मध्ये ईमेल जतन करणारे सॉफ्टवेअर बनवणारी झेडएल टेक्नॉलॉजीज ही छोटी कंपनीही कॅलिफोर्नियात न्यायालयात गेली होती. दोन्ही दाव्यांत गार्टनर जिंकली. कनेटिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये शेवटचा निकाल दिला. ती कशाच्या आधारावर जिंकली हे खरेदीदाराने ध्यानात ठेवावे. क्रमवारी अचूक आहे असे न्यायालयांनी म्हटले नाही. क्रमवारी हे मत आहे, खरे-खोटे करता येईल असे विधान नाही, आणि मत मांडण्याच्या स्वातंत्र्याला घटनेचे संरक्षण आहे, असे त्यांनी म्हटले. तो निकाल मला योग्य वाटतो. पण मग आपणही त्या ठिपक्याला मतच मानले पाहिजे. दुसऱ्याच्या मतावर ठेवीदारांच्या पैशाचा निर्णय सोपवता येत नाही.

ठेवीदारांचा पैसा हा शब्द मी जपून वापरतो आहे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. संस्थेचे नुकसान झाले आणि त्यात संचालकांची कसूर आढळली, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८८ खाली त्यांच्यावर वैयक्तिक जबाबदारी निश्चित होते. सहकारात काम केलेल्या प्रत्येकाला हा आकडा माहीत असतो. घरदार ज्याच्या टांगणीला लागते तो हा आकडा. मत देणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, मत मानणाऱ्याला नाही. जबाबदारी ज्याची, परीक्षाही त्यानेच घेतली पाहिजे.

आणि त्या दिवशीचा ठिपका तरी कशाचा होता? मी प्रतिनिधीला दोन-तीन प्रश्न विचारल्यावर उलगडा झाला. 'एक नंबर' होती ती दूरवरचे सर्व्हर भाड्याने देणारी बहुराष्ट्रीय कंपनी. पतसंस्थेला मिळणार होते ते सॉफ्टवेअर एका वेगळ्याच लहान कंपनीचे. त्या सर्व्हरवर चालणारे, एवढाच संबंध. माणूस खोटे बोलला नव्हता. त्याने दुसऱ्याची गुणपत्रिका दाखवली होती.

पतसंस्थेला योग्य अशी सॉफ्टवेअरे त्या चौकोनात कधी दिसणारही नाहीत. यादीत येण्यासाठी विश्लेषक अटी घालतात: अमुक इतके उत्पन्न, इतके ग्राहक, अनेक देशांत वावर. जागतिक अहवालासाठी ते रास्तच आहे. पण सांगली, कोल्हापूर, पुण्यातल्या ज्या लहान कंपन्यांनी वर्षानुवर्षे सहकाराचे हिशेब सांभाळले, त्यांना या चौकोनात घरच नाही. पिग्मी एजंटाचे यंत्र, कलम १०१ खालच्या वसुलीचे दाखले, तेरीज, मराठीतून निघणारा खातेउतारा हे काही त्या दोन अक्षांवर मोजले जात नाही. चौकोनात नसणे म्हणजे नालायक असणे, हा निष्कर्ष अहवालात कुठेही नाही. तो आपण आपल्या मनाने काढतो.

पहिल्या घरात असणे म्हणजे सुरक्षित असणे, हाही असाच घरी काढलेला निष्कर्ष. संगणक-सुरक्षेतली क्राउडस्ट्राइक ही कंपनी तिच्या वर्गात गार्टनरच्या लीडर्समध्ये होती. १९ जुलै २०२४ ला तिने पाठवलेल्या एका सदोष अद्ययावतीकरणाने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. यावरून ती कंपनी वाईट ठरत नाही. तिची जागा तिच्या ताकदीवर मिळाली होती. पण एकाच कंपनीवर सारे अवलंबून ठेवले की तिची एक चूक सर्वांची होते, हा धोका क्रमवारी सांगत नाही. उलट सर्वांना एकाच दाराकडे ढकलून तो वाढवते. त्याच महिन्याच्या अखेरीस सी-एज या सेवा पुरवठादारावर खंडणीखोर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे तीनशे लहान बँकांचे पैसे पाठवण्याचे व्यवहार थांबले. सी-एज हा टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि स्टेट बँकेचा संयुक्त उपक्रम. त्याहून मोठी, विश्वासाची नावे आपल्या देशात किती सापडतील?

मग निवड करायची कशी? माझा अनुभव असा की खरी माहिती फार जवळ असते आणि ती मिळवायला फक्त प्रवासाचे पैसे लागतात. तेच सॉफ्टवेअर तीन वर्षे वापरणाऱ्या, आपल्याएवढ्याच संस्थेत जावे. व्यवस्थापकाऐवजी काउंटरवर बसणाऱ्या क्लार्कशी बोलावे. ३१ मार्चच्या रात्री काय झाले, लेखापरीक्षकाने मागितलेली थकबाकीची यादी किती वेळात निघाली, फोन उचलणारा माणूस मराठी समजतो का, हे तिला विचारावे. सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न: उद्या आम्ही तुम्हाला सोडले तर आमची सारी खाती, सभासदांच्या मराठी नावांसकट, दुसरे सॉफ्टवेअर वाचू शकेल अशा रूपात परत मिळतील का? जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली नावे नव्या व्यवस्थेत चौकोन आणि प्रश्नचिन्हे होऊन आल्याचे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या प्रश्नाची किंमत ठाऊक आहे. लग्न ठरवताना आपण घटस्फोटाचे बोलत नाही. सॉफ्टवेअर घेताना ते करारातच लिहून घ्यावे.

आमच्या भागाचा एक प्रश्न वेगळाच आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, तळा, माणगाव या पट्ट्यात विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे आडवे झाले आणि कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. छपरावरचे पत्रे उडालेल्या माणसाला नेमकी तेव्हाच आपली ठेव हवी असते. वीज नसताना, नेट नसताना, शाखा शंभर खातेदारांना पैसे देऊ शकेल का, आणि नंतर ते व्यवहार बिनचूक नोंदले जातील का? त्या बैठकीत आम्ही दोन विक्रेत्यांना हा प्रश्न विचारला. एकाने पुढच्या आठवड्यात शाखेत येऊन राउटर बंद केला आणि करून दाखवले. त्याच्या कंपनीचे नाव कोणत्याही चौकोनात नव्हते.

विविध कार्यकारी सोसायट्यांना, म्हणजे प्राथमिक कृषी पतसंस्थांना, ही निवड आता राहिलेली नाही. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. सर्वांना एकच समान सॉफ्टवेअर, अंमलबजावणी नाबार्डकडे. त्याचे गुणदोष हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण नागरी आणि ग्रामीण बिगरशेती पतसंस्थांना अजून स्वतः निवडायचे आहे, आणि त्यांच्या संचालकांपर्यंत असले चौकोन आता पोहोचू लागले आहेत.

त्या संचालकांना माझी विनंती आहे. अहवाल आला तर जरूर वाचा, चित्राआधी इशाऱ्यांचे पान वाचा. ठिपका कोणत्या उत्पादनाचा आहे आणि हातातल्या प्रतीचे पैसे कोणी भरले, हे विक्रेत्याला बैठकीतच विचारा, आणि मिळालेले उत्तर त्याच्या नावासह इतिवृत्तात लिहून ठेवा.