पुण्याईच्या पलीकडले तारण

सोलापुरात कर्माची थोरवी कुणाला पटवून द्यावी लागत नाही. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात खोदवलेला तलाव गावाच्या मधोमध आहे. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात मात्र एक प्रसंग येतो. शिवशरण अल्लमप्रभू सोन्नलगीला, म्हणजे आपल्या सोलापूरला येतात आणि तलावाच्या कामात बुडालेल्या सिद्धरामांनाच हटकतात. बाहेरचे काम कितीही मोठे असले तरी त्याने आतली गाठ सुटत नाही, असा त्यांचा रोख. मग ती गाठ सुटते कशी? शिवशरणांनी या प्रश्नाचे दिलेले उत्तर वेगळे आणि ख्रिस्ती सुवार्तेचे वेगळे. दोन्हींची सरमिसळ करू नये. प्रश्न मात्र तोच आहे, आणि तो वाईट माणसापेक्षा चांगल्या माणसाला जास्त बोचतो.

सुवार्ता सांगते की ही गाठ माणसाच्या हाताने सुटत नाही. देवाने स्वतः येऊन ती सोडवली. येशू ख्रिस्त आपल्या पापांसाठी वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. माणसाने काय करावे हे नंतरचे. देवाने काय केले हे आधी. म्हणून तारण कमवायचे नसते, घ्यायचे असते. पश्चात्तापाने देवाकडे वळायचे आणि ख्रिस्तावर भरवसा टाकायचा. येशूशेजारी खिळलेल्या गुन्हेगाराजवळ दुसरे काय होते? बाप्तिस्मा नाही, दानधर्म नाही, सुधारायला एक दिवसही नाही. आपली शिक्षा रास्त आहे हे त्याने कबूल केले आणि आपली आठवण ठेव, एवढे मागितले. त्याच दिवशी त्याला सुखलोकाचे वचन मिळाले.

ऐकायला सोपे वाटणारे हे घेणे किती अवघड असते, ते पंडिता रमाबाईंच्या चरित्रात दिसते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थे, व्रते आणि पुराणकथन करीत देशभर फिरले. दुष्काळात आईवडील गेले, तरी रमाबाई भावाबरोबर चालत राहिल्या. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इतिहास सांगणारे बहुधा इथेच थांबतात. रमाबाई थांबल्या नाहीत. त्यांनी पुढे स्वतःच लिहिले आहे की आपल्याला धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्मा, प्रार्थना, वाचन, सेवा यांचेच त्यांनी नकळत नवे व्रत केले होते आणि मनाचा भार तसाच राहिला होता. सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की इथे आपल्याकडून भर घालण्यासारखे काही नाही. आहे तसे देवाच्या हवाली व्हायचे. संस्कृत विद्येत नामवंत असलेल्या, सबंध देशाने गौरवलेल्या बाईला हे स्वीकारायला एवढा काळ लागला, यात मला त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो.

एक गैरसमज इथे हमखास होतो. कर्म गेले तर त्याच्या जागी विश्वास हेच नवे कर्म बसते: माझा विश्वास पुरेसा आहे का, मन भरून आले का, याची रोज मोजदाद सुरू होते. पण तारण विश्वासाच्या बळावर नसते, ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याच्या बळावर असते. थरथरत्या हाताने घेतलेले दानही पूर्णच मिळते.

मग चांगली कामे कशाला? पौल इफिसकरांना लिहितो की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे आहे, कर्मांनी नव्हे; आणि लगेच पुढे म्हणतो की सत्कर्मांसाठीच आपल्याला घडवले आहे. हा क्रम उलटा केला की सुवार्ता हातची जाते. रमाबाईंचे सर्वात मोठे काम देवाच्या हवाली होण्याच्या त्या अनुभवानंतरचे आहे. सोलापूरहून पुण्याला जाणाऱ्या लोहमार्गावर, दौंडच्या पुढे, केडगावला त्यांनी ‘मुक्ती’ ही संस्था उभारली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून शेकडो मुलींना तिथे आसरा दिला. त्या मुलींना आत येण्यासाठी कोणतीही पुण्याई दाखवावी लागली नाही. त्या उपाशी होत्या, तेवढे पुरे होते.